मालकाचा डबा

धुळ्याला सुरत रोडवर, एसटी स्टँडपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमचं जेवणाचं हॉटेल होतं, आणि आमच्या घरातलं कुणी तिथे जेवत नव्हतं. यात कुणाला वावगं वाटत नसे. रस्त्यावरच्या बहुतेक हॉटेलवाल्यांचं तसंच होतं. दुपारी गल्ल्यामागे जो माणूस स्टीलचा डबा उघडून बसलेला दिसेल तो मालक, हे नव्या गिऱ्हाइकालाही सांगावं लागत नसे.

आमच्याकडे हा नियम अक्कांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. सासऱ्यांनी चहा-भज्यांची टपरी टाकली तेव्हापासूनचा. "इकानं ते आपन खावानं नही. बरकत जास," एवढंच त्या सांगत. विकायचं ते आपण खायचं नाही. यापुढे कारण विचारायची घरात पद्धत नव्हती, आणि मला विचारायची गरजही वाटली नाही. नियम माझ्या सोयीचा होता.

माझं माहेर जळगावचं. वडील नोकरीत. दोघी बहिणी नोकरदारांच्या घरी पडल्या आणि मी हॉटेलवाल्याच्या. माझी सुपारी फुटली त्या दिवशी एक आत्या भर बैठकीत म्हणाली, "बरं झालं, पोरीला चुलीचा त्रास नाही. हॉटेलातलं उरलंसुरलं घरी येईलच." बायका हसल्या. ते हसणं मी लग्नातल्या भांड्यांबरोबर धुळ्याला घेऊन आले. मला या धंद्याची लाज वाटायची, हे आडपडदा न ठेवता लिहिते. गिऱ्हाइकं कोण, तर ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, साक्री-पिंपळनेरहून कोर्टाच्या कामाला आलेली माणसं, एकटे राहणारे कारकून. ताटावर बसून भांडणारे, शेवभाजीचा रस्सा पुन्हा पुन्हा मागणारे. बहिणी माझ्याकडे आल्या की हे म्हणायचे, आज हॉटेलातून काहीतरी पाठवतो, तू दमू नकोस. मी नको म्हणायची आणि दोन बर्नरवर पुरणपोळ्या करत बसायची. जेवायला वाढताना सांगायची, "आमच्या घरात हॉटेलचा कण येत नाही." बहिणींना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, भिशीत सांगितलं. माझी ती ठरलेली ओळ होती.

खरं तर घरातून हॉटेलात बरंच जात होतं. दर उन्हाळ्यात काळा मसाला मी घरी करायची. कांदा अंगणात वाळवायचा, खोबरं भाजायचं, गिरणीत उभं राहून दळून आणायचं, आणि पत्र्याचे डबे भरून सुरत रोडला पाठवायचे. इथून तिकडे गेलेलं चालत होतं. तिकडून इथे आलेलं चालत नव्हतं.

मग सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली.

ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना फार सांगायला नको. खानदेशातल्या घरटी नाही तरी गल्लीटी एक माणूस तेव्हा सुरतेला कामाला होता. ती माणसं रेल्वेने, एसटीने, ट्रकच्या टपावर बसून गावी परत येऊ लागली, आणि धुळं त्यांच्या वाटेवर. सुरतेहून येणारी गाडी स्टँडात शिरली की हमाल लांब सरकायचे. बाजारात सगळे नाकातोंडाला रुमाल बांधून. कापूर महागला. औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात. पित्तरपाट, म्हणजे पितृपंधरवडा, सुरू होता, पण पित्तर म्हणून जेवायला बोलावलेली माणसं यायला कां कूं करायला लागली. आणि सुरत रोडवरच्या हॉटेलात बसून जेवायचं तर कुणाच्या मनातही येईना. कुणी हुकूम काढायच्या आधीच आमच्या रांगेतल्या हॉटेलवाल्यांनी शटर ओढली. आमचंही ओढलं गेलं.

नोकर आपापल्या गावी गेले. एक आबा तेवढे राहिले. आबा म्हणजे आमचे आचारी, पिंपळनेरकडचे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. ते हॉटेलातच मागच्या खोलीत राहायचे. ते गावी का गेले नाहीत, हे मी तेव्हा विचारलं नाही. मला माझ्या घरातलं पुरेसं होतं. दिवसभर घरात बसलेला नवरा म्हणजे काय, हे ज्या बाईने पाहिलंय तिलाच कळेल.

त्यातच गुलाबाई बसली होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची गुलाबाई मांडायची, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. झाकण लावलेला डबा हलवायचा, आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही. माझी मुलगी तेव्हा चौथीत. वर्षभर ती या दिवसांची वाट बघायची.

त्या वर्षी मुली आमच्याकडे येईनात. आल्या तरी गाणी म्हणून खाऊच्या आधी पळायच्या. मुलगी एकदा भरलेला डबा मांडीवर घेऊन रडत बसली. मी उठले आणि समोरच्या घरी गेले. समोरचीच्या दोन मुली म्हणजे अर्धी गुलाबाई. त्या आल्या की बाकीच्या येतात, हे मला ठाऊक होतं. मी तिला दारातच सांगितलं की खाऊ मी माझ्या हाताने, माझ्या घरात करते, आमच्या घरात हॉटेलचा कण येत नाही, हे तुला गेली कित्येक वर्षं माहीत आहे. ती म्हणाली, तसं नाही हो, पण तुमचं हॉटेल पडलं सुरत रोडवर. मी म्हणाले, "हॉटेल सुरत रोडवर आहे, माझं स्वयंपाकघर नाही. आम्ही स्वतः तिथलं पाणीसुद्धा पीत नाही."

दुसऱ्या दिवशी मुली आल्या. चिवडा ओळखला, खाल्ला. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

भीती ओसरायला लागली तशी रस्त्यावरची हॉटेलं एकेक करून उघडली. यांनीही शटर वर केलं. आधी सगळ्या भिंतींना चुना मारला, फरशी फिनाइलने धुतली, बाकं उन्हात टाकली. दाराशी फळ्यावर खडूने लिहिलं, 'पाणी उकळलेले मिळेल'. आबांनी भाजी चढवली. आणि गिऱ्हाईक आलं नाही. दाराशी येऊन माणसं फळा वाचायची, चहा उभ्याने प्यायची आणि जायची. गंमत म्हणजे पलीकडच्या दोन हॉटेलांत हळूहळू पानं पडायला लागली होती. आमच्याकडेच नाही. शेजारचा टायरवाला गाळा वाढवायला जागा शोधत होता. तो रोज येऊन बसायला लागला. हे म्हणाले, दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर त्याला गाळा देऊन टाकू, आबांना गावी पाठवू. नवरा हे असं सहज बोलल्यासारखं बोलला की समजायचं त्याची झोप उडालेली आहे.

मी मात्र नेहमीसारखा दुपारचा डबा पाठवत होते.

आता नाना. नाना पहूरचे. घर, शेती, बायकोमुलं तिकडे आणि नोकरी धुळ्यात. खोली घेऊन एकटे राहायचे आणि वर्षानुवर्षं दुपारी आमच्याकडे जेवायचे. हॉटेल बंद होतं तेवढ्या दिवसांत स्टोव्हवर खिचडी करून करून कंटाळले होते. हॉटेल उघडल्याचं कळल्यावर तेही आले, तोंडाला रुमाल बांधलेला. दारात थांबले. हे तेव्हा गल्ल्यामागे जेवत होते. नानांनी विचारलं, "शेठ, काय आहे आज डब्यात?"

"गिलक्याची भाजी."

"मग वहिनींना सांगा, उद्यापासून माझ्या दोन पोळ्या जास्त टाका. मी पण घरचंच खाईन म्हणतो."

हे हसले. नानाही हसले, पण पायरी चढले नाहीत. जाताना एवढं म्हणाले की शेठ, राग मानू नका, पण तुमच्या घरूनच सांगतात की आम्ही तिथलं पाणी पीत नाही. मग आमच्या जिवाची आम्ही काळजी करायला नको का?

समोरचीचा नवरा नानांच्याच ऑफिसात होता. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्या दिवशी हे घरी लवकर आले. डबा ओट्यावर ठेवला. अर्धी भाजी तशीच होती. मला विचारलं, "गुलाबाईच्या नादात तू बायकांना काय सांगितलंस?" मी सांगितलं. जे बोलले होते ते शब्दाला शब्द सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात मला अजूनही काही दिसत नव्हतं. सांगता सांगता दिसलं. मुलीची गुलाबाई वाचवायला मी आमच्या हॉटेलवर काट मारली होती, आणि रोज दुपारी त्याचा पुरावा डब्यात भरून भर रस्त्यावर पाठवत होते. इतकी वर्षं तो डबा कुणाच्या डोळ्यांत आला नव्हता. प्लेगने आणला.

हे म्हणाले की उद्यापासून डबा नको, मी तिथलंच जेवेन. मी म्हणाले, त्याने काय होणार? मालक खाणारच. मालकाने खाल्लं तर लोक म्हणतील धंद्यासाठी खातोय. मग कुणी खायला हवं, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. ते उघड होतं. ज्या बाईने सांगितलं, तिने.

जायचं की नाही याचा मी बराच विचार केला. प्लेगची भीती मला होती, पण फार नाही. त्याहून मोठी भीती निराळी होती. भर दुपारी, सुरत रोडवर, ट्रकवाल्यांसमोर बाकावर बसून जेवायचं. आत्या म्हणाली होती तेच, फक्त उरलंसुरलं घरी न येता मी स्वतः तिकडे जायची. यांनी सुचवलं की फॅमिली रूममध्ये बसा, पडदा आहे. मला तो पडदा फार हवा होता. पण पडद्याआड जेवलेलं कुणाला दिसणार? मी म्हणाले, समोरचं टेबल. बसायचं तर तिथेच.

एकटीने जाऊन भागणार नव्हतं, मुलीलाही न्यायचं ठरलं, आणि तिला न्यायचं तर आधी मुदपाकखाना बघणं भाग होतं. आदल्या सकाळी मी मागच्या दाराने गेले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी दसरा आणि लक्ष्मीपूजनाला पुढच्या भागात हळदीकुंकू लावून परत यायची. मागे कधी पाऊल टाकलं नव्हतं. आबा मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होते. मला बघून ते गडबडले, हातातला झारा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग त्यांनी माझ्यासाठी पाट पुसला. फळीवर माझ्या मसाल्याचे डबे ओळीने होते. मी सरळच विचारलं की इथल्या कुणाचं सुरतेला जाणं-येणं झालंय का. आबा म्हणाले की त्यांचा पुतण्या सुरतेहून पळून पिंपळनेरला घरी आला आहे, म्हणूनच ते स्वतः पित्तरपाटालाही गावी गेले नाहीत. बापाचं पान त्यांनी इथेच, मागच्या अंगणात ठेवलं. उद्या कुणी म्हणायला नको की ह्यांचा आचारी सुरतवाल्यांत राहून आला. हे सांगताना ते पातेल्याकडे बघत होते. मी समोरचीच्या दारात जे बोलून आले ते त्यांच्या कानावर आलं होतं की नाही, मला कळलं नाही. मी पाण्यावर झाकण ठेवा एवढं सांगितलं आणि निघाले. पाण्यावर झाकण होतंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अक्कांना मी विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या नाहीत, होही म्हणाल्या नाहीत. मुलगी शाळेचा गणवेश काढून फ्रॉक घालून आली होती, लग्नाला निघाल्यासारखी. समोरच्या टेबलाशी बसलो. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आमच्याकडे बघूनच जातोय असं मला वाटत होतं. टायरवाला त्याच्या दुकानात खुर्ची फिरवून बसला. नाना आले. बाजूच्या टेबलाशी बसून त्यांनी फक्त चहा मागवला.

आबा आतून बाहेर आले. खांद्यावर धुतलेला पंचा. आमच्यासमोर उभे राहिले आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, तिखट कितलं टाकू? तुमनं मले माहीत नही."

नवापूरकडच्या ट्रकवाल्याला भाजीत तर्री किती लागते, नानांना लसूण चालत नाही, कोर्टातल्या वकिलाला पोळी कडक हवी, हे त्यांना पाठ होतं. आमच्या घराचं त्यांना माहीत नव्हतं. माहीत व्हायची वेळच आली नव्हती. मी एवढंच म्हणाले, तुम्ही करता तशीच करा.

शेवभाजी आली. पहिल्या घासाला मसाला माझा होता, हे जिभेला लगेच कळलं. पण भाजी माझी नव्हती. माझ्या हाताला तशी कधी जमली नाही. मी मान खाली घालून जेवत होते. पलीकडून नानांचा आवाज आला, "कशी आहे वहिनी भाजी?"

"चांगली आहे."

"नाही, पहिल्यांदाच खाताय म्हणून विचारलं."

हे गल्ल्यामागे उगाच चिल्लर लावत होते. मी पुढचा घास घेतला. एव्हाना दारात दोघंतिघं थांबून बघत होते, त्यातला एक आत येऊन बसलाही. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात मुलीला ठसका लागला. भाजी तिला तिखट झाली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि माझा हात आपोआप टेबलाखाली गेला. तिथे माझी पिशवी होती. पिशवीत तिची शाळेची पाण्याची बाटली. सकाळी मी ती घरच्या माठातून भरून घेतली होती. का घेतली होती? रोज घेते म्हणून घेतली होती. झाकण उघडून मी ती तिच्या तोंडाला लावली, आणि मग माझं टेबलाकडे लक्ष गेलं. आबांनी भरून ठेवलेले दोन ग्लास तसेच होते.

आबा गरम पोळी घेऊन आले होते. त्यांनी बाटली बघितली. पोळी वाढली, ते दोन ग्लास उचलले आणि आत निघाले.

"आबा, राहू द्या ते," मी म्हणाले. एक ग्लास त्यांच्या हातातून घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायले. दुसरा मुलीच्या हातात दिला.

ती म्हणाली, "पण तूच सांगितलं ना, हॉटेलचं पाणी प्यायचं नाही म्हणून."

चौथीतल्या मुलीचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायला शिकवलेला असतो.

जो आत येऊन बसला होता तो उठला. नानांनी कप खाली ठेवला. ते हसतील, काहीतरी टोमणा मारतील असं मला वाटलं, आणि मारला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "लेकराला घरचंच पाणी द्या, वहिनी. आमचं आम्ही बघू." अगदी साध्या आवाजात, माझी समजूत काढल्यासारखं. चहाचे पैसे ठेवून गेले. मुलगी ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पी म्हणाले. ती प्यायली. ताटातलं सगळं आम्ही संपवलं. तसं जेवण मी आयुष्यात दुसरं जेवले नाही. प्रत्येक घास मोजल्यासारखा आणि संपता संपत नसलेला.

घरी आल्यावर मुलीनेच अक्कांना सगळं सांगितलं, ठसक्यापासून बाटलीपर्यंत. अक्का वाती वळत होत्या. वळत राहिल्या.

सकाळी मी उठले तर अक्कांनी यांचा डबा घासून पुसून दाराशी ठेवलेला. रिकामा. यांना म्हणाल्या, "डबा आते तठून येऊ दे, भरीसन. बठ्ठा देखतीन." तिथून भरून येऊ दे, सगळे बघतील. मी म्हणाले, अक्का, बरकत? त्या म्हणाल्या की खाणारंच कुणी उरलं नाही तर बरकत कुठून यायची. टपरी त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. नियम त्यांचा होता, मोडायचा हक्कही त्यांचाच होता. माझ्याकडे मोडायला नियम नव्हता, नुसता दिमाख होता.

दुपारी आबा स्वतः डबा घेऊन आले. सुरत रोडवरून, स्टँडच्या अंगाने, भाजी बाजारातून, आमच्या गल्लीतून, समोरचीच्या दारावरून. डबा त्यांनी पिशवीत घातला नव्हता, कडीला धरून हातात घेतला होता. अक्कांनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे बघत होतो. "मीठ कमी शे," त्या म्हणाल्या आणि जेवायला लागल्या. आबा बाहेर दाराच्या ओट्यावर बसले होते. त्यांना ते ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर होतं.

डबा रोज यायला लागला. पहिले काही दिवस माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता, आणि ते प्लेगमुळे नव्हतं. माझी चूल दुपारची थंड राहायची आणि मला उघडं पडल्यासारखं वाटायचं. हॉटेलात काय झालं म्हणाल, तर आधी वाटसरू आले. त्यांना डबा, बाटली, काहीच माहीत नव्हतं. त्यांना भूक होती आणि पुढची एसटी पकडायची होती. मग एका दुपारी नाना आले. यांना म्हणाले, "डबा उलटा फिरला म्हणे, शेठ." हे म्हणाले, फिरला. नानांनी रुमाल सोडून खिशात ठेवला आणि पान वाढायला सांगितलं. स्टोव्हवरच्या खिचडीलाही माणूस शेवटी कंटाळतो, त्यामुळे सगळं श्रेय मी डब्याला देत नाही. टायरवाला दिवाळीनंतर पुन्हा काही बोलला नाही.

पण मला सांगायचं आहे ते कोजागिरीचं. गुलाबाईचा शेवटचा दिवस. खाऊ काय करायचा हे मुलीने विचारलं, आणि मी आबांना निरोप पाठवला. त्यांनी बालुशाही केली. संध्याकाळी स्वतः घेऊन आले. कुठली मुलगी ओळखते ते बघायला ओट्यावर थांबले. गाणी झाली. मुलीने डबा मांडीवर घेतला. समोरची तिच्या दोघींना न्यायला म्हणून आली होती, ती दारात उभी राहिली. मला म्हणाली, सहजच, नेहमीचं विचारावं तसं, "खाऊ घरचाच ना?"

आबा तिच्या पाठीशी, ओट्यावर. माझी ओळ माझ्या ओठांवर होती. इतक्या वर्षांची सवय, ती आपोआप येते.

"हॉटेलचा आहे," मी म्हणाले. "आबांनी केलाय."

समोरचीने डब्याकडे बघितलं. मग मुलींना म्हणाली, चला गं, अभ्यास राहिलाय. त्या दोघी उठल्या. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक उठली. उरलेल्यांनी डबा हलवून बघितला. कुणी लाडू म्हणालं, कुणी बटाटेवडा. ओळखता आलं नाही. शेवटी मुलीने झाकण उघडलं. आहेत त्यांनी खाल्ला, पण शेवटच्या दिवसाचा गोंधळ, ओढाताण काही झाली नाही. डब्यात बरंच उरलं.

मुली गेल्यावर माझ्या मुलीने गुलाबाईसमोरचा पाट उचलला. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. म्हणाली, "घरचा आहे म्हणायचं होतं ना. आधी म्हणायचीस तसं."

दार उघडं होतं. आबा ओट्यावर होते. माझ्या दारात मी काय काय म्हणत आले होते ते त्यांना आधी कुणी सांगितलं नसेल, तर ते आता माझ्या लेकीने सांगितलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मुलीला म्हणाले, हात धू आणि अंथरुणं घाल.

आबांनी थोड्या वेळाने रिकामा जेवणाचा डबा मागितला. मी तो धुऊन, पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण लागतंय का ते बघितलं.

"उद्या गिलकं करस," ते म्हणाले. "पोरले तिखट कमी टाकसू."